कॅल्शियमने उघडणारे पोटॅशियम चॅनल: ओळख, काम आणि सोलापूरच्या प्रयोगशाळेत जमणारे दोन प्रयोग

पेशीत कॅल्शियम वाढले की पटलावरचे काही पोटॅशियम चॅनल (पोटॅशियमला ये-जा करू देणारी प्रथिनांची दारे) उघडतात, पोटॅशियम बाहेर पडते आणि पेशीचे व्होल्टेज आणखी ऋण होते. एवढे वाक्य एम.एस्सी. आणि एमबीबीएसच्या प्रत्येक वहीत सापडते. खरी अडचण पुढे येते. समोरच्या ऊतीत यातला नेमका कोणता चॅनल काम करतो आहे, आणि तो काम करतो आहे हे सिद्ध कसे करायचे? बहुतेक प्रबंधांत एक अवरोधक (चॅनल बंद करणारा पदार्थ) टाकतात, प्रतिसाद कमी झालेला दाखवतात आणि निष्कर्ष लिहून मोकळे होतात. तेवढ्याने भागत नाही. पोटॅशियमचा उतारच (आत-बाहेरचा फरक, ज्यामुळे ते बाहेर वाहते) काढून घेतल्यावर प्रतिसाद नाहीसा होतो का, हा प्रश्न आधी विचारायचा. अवरोधकाची पाळी त्यानंतर येते.

खाली आधी चॅनलची घराणी आणि त्यांची कामे दिली आहेत, मग दोन प्रयोग. पहिल्याला फ्लेम फोटोमीटर आणि सेंट्रिफ्यूज पुरतात, दुसऱ्याला ऑर्गन बाथ (ऊतीची पट्टी कोमट द्रावणात टांगून तिचा ताण मोजण्याचे उपकरण) लागतो. सोलापूरच्या वैद्यकीय, फार्मसी किंवा विज्ञान महाविद्यालयांत जे मिळू शकते, तेवढेच गृहीत धरले आहे. शेवटी पॅच क्लॅम्पसाठी (बारीक काचेच्या पिपेटने एकेका चॅनलचा प्रवाह मोजण्याच्या पद्धतीसाठी) द्रावण कसे बनवायचे तेही आहे, कारण पुढे कुठल्याही मोठ्या प्रयोगशाळेत गेलात तरी पहिली चूक तिथेच होते.

तीन घराणी आणि कॅल्शियम ओळखण्याच्या दोन तऱ्हा

हंगेरीच्या ग्योर्गी गार्दोश यांनी १९५८ मध्ये दाखवले की तांबड्या पेशीत कॅल्शियम शिरले की पोटॅशियम भराभर बाहेर पडते. तो परिणाम आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. चेतापेशीतही असेच घडते हे १९७० च्या आसपास समुद्री गोगलगाईच्या पेशींवर दिसले. त्यामागे एकच चॅनल नसून निरनिराळी घराणी आहेत हे जनुके हाती आल्यावर पक्के झाले.

पहिले घराणे बीके, म्हणजे केसीए १.१, जनुक केसीएनएमए१. याची वाहकता (चॅनलमधून प्रवाह किती सहज जातो त्याचे माप) २०० ते ३०० पिकोसीमेन्स, पोटॅशियम चॅनलमध्ये सर्वांत मोठी. फळमाशीच्या ‘स्लोपोक’ या उत्परिवर्तनावरून १९९१ मध्ये याचे जनुक सापडले. व्होल्टेज आणि कॅल्शियम या दोन्ही गोष्टींना हा दाद देतो. पेशीच्या आतल्या बाजूला त्याच्या शेपटीत आरसीके नावाचे दोन भाग आहेत. कॅल्शियम थेट तिथे बसते. त्यातल्या एका जागेला ‘कॅल्शियम बाउल’ म्हणतात. कॅल्शियम जवळपास नसताना अर्धे चॅनल उघडायला +१५० मिलिव्होल्टच्याही पुढे जावे लागते. कॅल्शियम १० मायक्रोमोलरच्या आसपास गेले की तोच बिंदू शंभरहून अधिक मिलिव्होल्टने खाली सरकतो. विश्रांतीतल्या पेशीत मुक्त कॅल्शियम सुमारे १०० नॅनोमोलर असते, तेव्हा बीके जवळजवळ बंदच राहतो. त्याला उघडायला कॅल्शियमचे स्थानिक ढग लागतात, पेशीभरची सरासरी वाढ पुरत नाही.

दुसरे घराणे एसके: केसीए २.१, २.२ आणि २.३, जनुके केसीएनएन१ ते ३. वाहकता जेमतेम १० पिकोसीमेन्स. व्होल्टेजशी याला देणेघेणे नाही. कॅल्शियमही तो स्वतः ओळखत नाही. त्याच्या शेपटीला कॅल्मोड्युलिन हे कॅल्शियम धरणारे प्रथिन कायमचे चिकटलेले असते आणि कॅल्शियम त्या कॅल्मोड्युलिनवर बसते. त्यामुळे ०.३ ते ०.५ मायक्रोमोलरलाच हा अर्धा उघडतो.

तिसरा आयके, म्हणजे केसीए ३.१, जनुक केसीएनएन४. गार्दोश यांचा चॅनल तो हाच. वाहकता २० ते ४० पिकोसीमेन्स, कॅल्शियम ओळखण्याची रीत एसकेसारखीच. कॅल्मोड्युलिनसह त्याची रचना २०१८ मध्ये क्रायो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने स्पष्ट दिसली.

केसीए ४.१ आणि ४.२ या नावांनी फसू नका. ते सोडियमने उघडतात. केसीए ५.१ शुक्रपेशीत असतो आणि पीएच वाढला की उघडतो. नात्याने ते बीकेचे भाऊबंद, म्हणून या यादीत आले. आपल्या कामाला ते लागणार नाहीत.

बीकेबद्दल एक गोष्ट मात्र आधीच जाणून घ्या. मुख्य प्रथिन एकच असले तरी सोबतची सहप्रथिने ऊतीप्रमाणे बदलतात. रक्तवाहिनी आणि श्वासनलिकेच्या स्मूथ मसलमध्ये (अनैच्छिक स्नायूत) बीटा१ असते आणि त्यामुळे चॅनल कॅल्शियमला अधिक संवेदनशील होतो. मेंदूत बीटा४ असते, आणि ते असले की बीके बंद करणारे आयबेरिओटॉक्सिन हे नेहमीचे विष धड चालत नाही. लाळग्रंथीसारख्या ग्रंथींत एलआरआरसी२६ हे गामा सहप्रथिन असते. ते उघडण्याचा बिंदू सुमारे १४० मिलिव्होल्टने खाली आणते, इतके की कॅल्शियम न वाढताही चॅनल उघडू शकतो. म्हणून ‘विषाने काही झाले नाही, अर्थात बीके नाही’ असे मेंदूच्या ऊतीबाबत लिहू नये.

शरीरात यांचे काम काय

रक्तवाहिनीचे उदाहरण नीट समजले की बाकीचे सोपे जाते. स्मूथ मसल कॅल्शियमनेच आकुंचन पावतो. मग कॅल्शियमने उघडणारा चॅनल त्याला सैल कसा करतो? उत्तर जागेत आहे. आकुंचन ठरते ते पेशीभर पसरलेल्या सरासरी कॅल्शियमवर, काही शे नॅनोमोलरवर. बीके मात्र पटलाला खेटून असलेल्या सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलमसमोर (पेशीतल्या कॅल्शियमच्या कोठारासमोर) बसतो. तिथल्या रायनोडिन रिसेप्टर या कॅल्शियम सोडणाऱ्या दारांमधून क्षणभर कॅल्शियमचा फवारा सुटतो, त्याला ‘स्पार्क’ म्हणतात. त्या इवल्या जागेत कॅल्शियम १० मायक्रोमोलरच्या वर जाते, बरेच बीके एकदम उघडतात, पटल ऋण होते, व्होल्टेजवर चालणारे कॅल्शियम चॅनल मिटतात आणि पेशीभरचे कॅल्शियम उतरते. स्पार्क आणि रक्तवाहिनी सैल होणे यांचा हा संबंध १९९५ मध्ये दाखवला गेला. यातून प्रयोगाचा एक धडा मिळतो: रायनोडिनने स्पार्क बंद केल्यावर आणि बीके बंद केल्यावर परिणाम एकाच दिशेने, आकुंचनाकडे, जायला हवा. तसे होत नसेल तर तुमच्या ऊतीत ही साखळी चालू नाही.

रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात, एंडोथेलियममध्ये, केसीए २.३ आणि ३.१ असतात. नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन दोन्ही बंद केले तरी उरणारे शिथिलन बरेचसे यांच्यामुळे होते. लहान धमन्यांत त्याचे महत्त्व जास्त.

चेतापेशीत प्रत्येक स्पाइकनंतर (विद्युत संदेशानंतर) व्होल्टेज खाली जाते. त्यातला पहिला, काही मिलिसेकंदांचा भाग बीकेचा, त्यानंतरचा मध्यम भाग बहुतेक ठिकाणी एसकेचा. सेकंदभर टिकणारा तिसरा भाग कोणाचा यावर अजून वाद आहेत, तेव्हा परीक्षेत तिथे ठाम उत्तर लिहू नका. बीके आणि कॅल्शियम चॅनल यांच्यात काही दशक नॅनोमीटरचेच अंतर असते. ते तपासायची युक्ती सुंदर आहे. ईजीटीए आणि बाप्टा हे कॅल्शियम पकडून ठेवणारे पदार्थ. दोघांची कॅल्शियमशी ओढ सारखीच, पण बाप्टा सुमारे शंभरपट झटपट पकडतो. पेशीत ईजीटीए भरूनही बीके चालू राहिला आणि बाप्टाने थांबला, तर दोन चॅनल शेजारी शेजारी आहेत असे समजावे.

बाकी थोडक्यात. मूत्राशयात बीके आणि एसके दोन्ही अवेळीची आकुंचने आवरतात. मूत्रपिंडात नळीतला प्रवाह वाढला की बीकेमधून पोटॅशियम बाहेर टाकले जाते. टी पेशी सक्रिय होताना केसीए ३.१ व्होल्टेज ऋण ठेवतो, म्हणून कॅल्शियम आत येत राहते. तांबड्या पेशीत हाच चॅनल जास्त उघडा राहिला तर पेशी सुकते. केसीएनएन४ मधल्या बदलांमुळे होणारा वंशागत झेरोसायटोसिस २०१५ मध्ये वर्णिला गेला. सिकल सेलसाठी सेनिकॅपॉक हे औषध याच चॅनलवर आणले होते. पेशींचे फुटणे कमी झाले, पण वेदनेचे झटके कमी झाले नाहीत आणि चाचणी थांबवावी लागली.

आधी पाणी आणि उष्णता

परदेशी प्रोटोकॉलमध्ये ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे २० ते २५ अंश. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो, आणि प्रयोगशाळेतले तापमान शरीराच्या तापमानापेक्षा वर असू शकते. ऑर्गन बाथचा थर्मोस्टॅट फक्त तापवतो, थंड करत नाही. खोली ४० अंशांवर असेल तर बाथ ३७ वर येणारच नाही, आणि काट्यावर सगळे ठीक दिसत राहील. अशा दिवसांत एसी खोलीत किंवा पहाटे काम करा, नाहीतर बाहेरच्या टाकीत बर्फाच्या पिशव्या सोडा. बाथच्या आत वेगळा थर्मामीटर बुडवून वाचणे उन्हाळ्यात सक्तीचे समजा. ट्रिस बफरचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०२८ ने उतरतो, हेपेसचा त्याच्या निम्म्याने. म्हणून पीएच प्रयोगाच्या तापमानालाच लावा.

पाण्याची गोष्ट याहून मोठी. उजनीच्या नळाचे असो की बोअरचे, पाण्यात कॅल्शियम असतेच, आणि बेसाल्टमधून आलेले बोअरचे पाणी चांगलेच जड असते. हिशेब करून पाहा: कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात २०० मिलिग्रॅम प्रति लिटर कठीणता म्हणजे २ मिलिमोलर कॅल्शियम-मॅग्नेशियम. एसके चॅनल त्याच्या हजारांशाहून कमी कॅल्शियमवर उघडतो. पिण्याच्या आरओ यंत्राचे पाणीही चालणार नाही. त्यात चवीसाठी क्षार मिसळलेले असतात किंवा राहिलेले असतात. दोनदा ऊर्ध्वपातन केलेले किंवा मिली-क्यू दर्जाचे पाणी वापरा. बाटल्या नळाखाली विसळून तशाच वाळवू नका, शेवटची दोन विसळणी याच पाण्याने करा.

पहिला प्रयोग: तांबड्या पेशी आणि केसीए ३.१

माणसाच्या तांबड्या पेशीत कॅल्शियमने उघडणारा पोटॅशियम चॅनल हा एकच. त्यामुळे ‘कोणता’ हा प्रश्न सुटलेलाच असतो आणि पद्धत शिकायला ही ऊती उत्तम ठरते. मानवी रक्तासाठी संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची परवानगी आणि दात्याची लेखी संमती आधी घ्या.

बफर, १ लिटर: सोडियम क्लोराइड ८.१८ ग्रॅम (१४० मिलिमोलर), पोटॅशियम क्लोराइड ०.०७५ ग्रॅम (१ मिलिमोलर), हेपेस २.३८ ग्रॅम (१०), ग्लुकोज १.८० ग्रॅम (१०). पीएच ७.४ सोडियम हायड्रॉक्साइडने लावा. सवयीने पोटॅशियम हायड्रॉक्साइड घेतलेत तर मोजायची गोष्टच बफरमध्ये मिसळली जाईल.

रक्त ५ मिलिलिटर, हेपॅरिनच्या नळीत. ईडीटीएची जांभळ्या टोपीची नळी नको. ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवतो, शिवाय तो बहुधा पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतो. रक्त त्याच दिवशी वापरा. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले की सोडियम-पोटॅशियम पंप थांबतो आणि पोटॅशियम आपोआप गळते.

१५०० जी वर १० मिनिटे फिरवा. प्लाझ्मा आणि वरचा पांढरा थर काढून टाका, मग बफरने तीनदा धुवा. धुण्यात आळस केला तर उरलेला अल्ब्युमिन आयोनोफोर (पटलातून कॅल्शियम आत नेणारा पदार्थ) गिळून टाकतो आणि पेशींना काही मिळत नाही. हा प्रयोग ‘चालला नाही’ असे सांगणाऱ्यांची चूक बहुतेक इथेच असते. धुतलेल्या पेशी ५ टक्के हिमॅटोक्रिटला (पेशींचे आकारमान एकूण मिश्रणाच्या ५ टक्के) मिसळा. पेशीत लिटरमागे सुमारे १०० मिलिमोल पोटॅशियम असते. म्हणजे सगळे बाहेर आले तर बाहेरचे पोटॅशियम १ वरून साधारण ६ मिलिमोलरपर्यंत जाईल. हीच तुमच्या मोजमापाची कमाल मर्यादा.

आयोनोफोर ए२३१८७ चा साठा डीएमएसओ या द्रावकात ५ मिलिमोलर करा: ५ मिलिग्रॅमला १.९१ मिलिलिटर. अंधारात, उणे २० अंशांवर ठेवा. केसीए ३.१ बंद करणाऱ्या क्लोट्रिमॅझोलचा साठा १० मिलिमोलर: ३.४५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर डीएमएसओ. औषधाच्या दुकानातले मलम चालत नाही. दोन्हींचे प्रमाण सोपे आहे, दर मिलिलिटरला १ मायक्रोलिटर.

३७ अंशांवर सहा नळ्या लावा. पहिलीत फक्त पेशी. दुसरीत डीएमएसओ आणि १ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड. तिसरीत आयोनोफोर आणि २ मिलिमोलर ईजीटीए, कॅल्शियम नाही. चौथीत आयोनोफोर आणि १ मिलिमोलर कॅल्शियम. पाचवीत चौथीचेच सारे, पण ५ मिनिटे आधी क्लोट्रिमॅझोल. सहावीतही चौथीचेच सारे, पण बफरमध्ये सोडियम क्लोराइड ४१ आणि पोटॅशियम क्लोराइड १०० मिलिमोलर.

०, २, ५, १० आणि २० मिनिटांना प्रत्येकी १ मिलिलिटर काढून १० मायक्रोलिटर ०.५ मोलर ईजीटीए (सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.४ केलेला) असलेल्या नळीत टाका. कॅल्शियम लगेच धरले जाते आणि गळती थांबते. अर्धा मिनिट जोरात फिरवून वरचे द्रावण वेगळे करा, फ्लेम फोटोमीटरवर पोटॅशियम मोजा. त्याच द्रावणाचे ५४० नॅनोमीटरला हिमोग्लोबिनही मोजा. पेशी फुटल्यानेही पोटॅशियम वाढते, तेवढे वजा करायलाच हवे. गुलाबी झालेला नमुना सरळ बाद करा.

चौथ्या नळीत पोटॅशियम पहिल्या काही मिनिटांतच चढायला हवे, पाचवीत जवळजवळ सपाट राहायला हवे. सहाव्या नळीत फ्लेम फोटोमीटर कामाचा नाही, कारण बाहेर आधीच १०० मिलिमोलर आहे. तिथे, आणि तुलनेसाठी चौथीतही, पॅथॉलॉजीच्या सेल काउंटरवर एमसीव्ही (पेशीचे सरासरी आकारमान) घ्या. चौथीत पेशी आक्रसलेल्या दिसतील, सहावीत नाही. कारण असे: तांबड्या पेशीचे व्होल्टेज सुमारे उणे १० मिलिव्होल्ट, आणि बाहेर १०० मिलिमोलर असताना पोटॅशियमचा समतोल बिंदूही (ज्या व्होल्टेजला पोटॅशियम एकंदरीत आत-बाहेर सरकत नाही तो) साधारण तिथेच येतो. चॅनल सताड उघडे, तरी जायला उतार नाही. सहावी नळी वगळून केलेला हा प्रयोग आम्ही अपुरा मानतो.

एक बारकावा. पोटॅशियम एकटे बाहेर जाऊ शकत नाही, क्लोराइडलाही सोबत जावे लागते, आणि तांबड्या पेशीत क्लोराइडची वाहकता कमी आहे. म्हणून तुम्ही मोजता तो वेग चॅनलचा नसून बरेचदा क्लोराइडचा असतो. दोन रुग्णांच्या पेशींत वेग वेगळा आला तर लगेच चॅनलवर बोट ठेवू नका. उरलेले रक्त आणि द्रावणे १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये ठेवून मग जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमाप्रमाणे द्या.

दुसरा प्रयोग: बोकडाची श्वासनलिका आणि बीके

पहाटे कत्तलखान्यातून ताजी श्वासनलिका घ्या, बर्फावरच्या क्रेब्स द्रावणात (कृती खाली) ठेवा, तासाभरात प्रयोगशाळेत आणा. कागदोपत्री काय लागते ते संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीला आधी विचारा.

क्रेब्स, १ लिटर: सोडियम क्लोराइड ६.९ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३५, मॅग्नेशियम सल्फेट सप्तजल ०.३०, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१६, सोडियम बायकार्बोनेट २.१, ग्लुकोज २.०, आणि सगळ्यात शेवटी कॅल्शियम क्लोराइड द्विजल ०.३७ ग्रॅम. कॅल्शियम टाकण्याआधी १५ मिनिटे कार्बोजेन (९५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड) सोडा. क्रम चुकला की द्रावण दुधाळ होते. ते गाळून वापरायचे नसते, टाकून द्यायचे असते. कार्बोजेनचे सिलिंडर नसेल आणि नुसती हवा किंवा ऑक्सिजन सोडणार असाल तर हे द्रावण घेऊ नका. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच ८ च्या वर चढतो. तेव्हा बायकार्बोनेट काढून हेपेस घाला.

कूर्चेच्या कड्या समोरून कापा. मागच्या बाजूला आडवा स्नायूचा पट्टा दिसेल, तोच आपल्याला हवा. वरचे अस्तर अलगद सोलून काढा आणि २ ते ३ सेंटिमीटरची पट्टी बांधा. ताण १ ते २ ग्रॅम, ९० मिनिटे विश्रांती, दर १५ मिनिटांनी द्रावण बदल.

आता पायऱ्या. कार्बाकोलने आकुंचन घडवा, पण कमाल नको, कमालीच्या ५० ते ७० टक्के पुरे. बहुधा ०.३ ते १ मायक्रोमोलरमध्ये ते मिळते. फार जोराच्या आकुंचनात कार्बाकोलने जागे होणारे मस्कॅरिनिक संदेश बीकेला दाबतात आणि त्याचा वाटा दिसेनासा होतो. मग सालब्युटामॉल (श्वासनलिका सैल करणारे औषध) १० नॅनोमोलरपासून १० मायक्रोमोलरपर्यंत चढत्या क्रमाने टाका आणि शिथिलनाची वक्ररेषा घ्या. धुवा, तासभर थांबा, ३० मिनिटे आधी अवरोधक टाकून पुन्हा तेच करा. शेजारच्या पट्टीवर अवरोधकाऐवजी फक्त द्रावक टाकून तीच दुसरी फेरी घ्या. तशी पट्टी नसेल तर दुसऱ्या फेरीत ऊती आपसूक मंदावली की अवरोधकाने, हे सांगता येणार नाही.

टेट्राएथिलअमोनियम (टीईए) स्वस्त आहे, तिथून सुरुवात करा. १ मोलर साठा (१६६ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर), २० मिलिलिटरच्या बाथला २० मायक्रोलिटर, म्हणजे १ मिलिमोलर. बाहेरून दिलेला टीईए बीकेला ०.२ ते ०.३ मिलिमोलरलाच अर्धा बंद करतो. मात्रा ५ किंवा १० मिलिमोलरपर्यंत नेलीत तर इतर व्होल्टेज चॅनलही पकडले जातात आणि निष्कर्षाला किंमत उरत नाही.

त्यानंतर पॅक्सिलीन १ मायक्रोमोलर. बीकेसाठी ते चांगले आहे, पण मात्रा वाढली की सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलमचा कॅल्शियम पंपही बंद होतो, म्हणून १० मायक्रोमोलरला जाऊ नका. पक्क्या पुराव्यासाठी आयबेरिओटॉक्सिन १०० नॅनोमोलर. त्याचे रेणुभार सुमारे ४२३०, म्हणजे २० मिलिलिटरच्या एका बाथला ८.५ मायक्रोग्रॅम लागेल. ५ मिलिलिटरचा बाथ वापरला तर २.१ मायक्रोग्रॅममध्ये भागते. प्लॅस्टिकला ते चिकटते, म्हणून साठ्यात ०.१ टक्का अल्ब्युमिन घाला, छोटे भाग करून गोठवा आणि एकदा वितळवलेला भाग पुन्हा गोठवू नका.

हे आयबेरिओटॉक्सिन आपल्याच दख्खनच्या आणि कोकणच्या तांबड्या विंचवाचे, हॉटेंटोटा टॅम्युलसचे. ३७ अमिनो आम्लांचे हे विष १९९० मध्ये वर्णिले गेले. केसीए २.२ या एसके चॅनलवर चालणारे टॅमापिनही याच विंचवातले. म्हणून विंचवाचा दंश बीके बंद झाल्याने जिवावर बेततो, असा समज काही विद्यार्थ्यांत दिसतो. तो चुकीचा आहे. दंशातले मुख्य संकट सोडियम चॅनलवरच्या विषांमुळे उसळणाऱ्या स्वायत्त चेतासंस्थेच्या वादळाचे असते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरले ते त्याच वादळावर. विंचू पकडून विष काढण्याच्या फंदात पडू नका, शुद्ध विष विकत मिळते.

आता तो निर्णायक भाग. एका पट्टीत आकुंचन सुमारे २० मिलिमोलर पोटॅशियमने घडवा, दुसरीत ८० ने. २० मिलिलिटरच्या बाथमध्ये २ मोलर पोटॅशियम क्लोराइडचे १६० मायक्रोलिटर टाकले की एकूण पोटॅशियम सुमारे २२ मिलिमोलर होते. पोटॅशियमचा समतोल बिंदू तेव्हा उणे ४९ मिलिव्होल्टच्या आसपास येतो. ८० साठी असे ओतू नका, द्रवदाब फार चढतो. तेवढेच सोडियम क्लोराइड कमी करून वेगळा क्रेब्स बनवा: सोडियम क्लोराइड २.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ५.९६ ग्रॅम. इथे समतोल बिंदू उणे १५ ला पोचतो आणि पोटॅशियम चॅनल उघडून काही साधत नाही. चॅनलमार्गे काम करणारा पदार्थ २० वर सैल करील, ८० वर नाही. दोन्हीकडे सारखाच सैल करत असेल तर तो कॅल्शियम चॅनल किंवा आणखी काही बंद करतो आहे. एनएस१६१९ हा बीके उघडणारा म्हणून विकला जाणारा पदार्थ या कसोटीवर अनेकदा घसरतो, कारण १० ते ३० मायक्रोमोलरला तो कॅल्शियम प्रवाहही दाबतो. वनस्पतीच्या अर्कावर प्रबंध करणाऱ्यांनी ही कसोटी पहिल्याच आठवड्यात लावावी, म्हणजे वर्षभराचे काम भलत्या दिशेला जात नाही.

एसकेसाठी अ‍ॅपामिन, मधमाशीच्या विषातले १८ अमिनो आम्लांचे. १०० नॅनोमोलर पुरते. श्वासनलिकेत त्याने फारसे घडू नये, म्हणून इथे ते चांगले ऋण नियंत्रण ठरते. ते चालते आहे की नाही हे पाहायला गिनीपिगच्या टेनिया कोलीवर एटीपीचे शिथिलन बंद होते का ते बघा. केसीए ३.१ साठी ट्रॅम-३४ १ मायक्रोमोलर घ्या. क्लोट्रिमॅझोल सायटोक्रोम पी४५० लाही बंद करते, त्यामुळे ते तांबड्या पेशीत चालते, ऊतीत टाळा. कॅरिब्डोटॉक्सिन बीके, केसीए ३.१ आणि केव्ही १.३ (व्होल्टेजने उघडणारा पोटॅशियम चॅनल) तिघांनाही धरते. एकट्या त्याच्यावर निष्कर्ष काढू नका.

पॅच क्लॅम्पला जाणार असाल तर

पटलाच्या आतल्या बाजूच्या द्रावणातले मुक्त कॅल्शियम ईजीटीएने ठरवतात. सूत्र: मुक्त कॅल्शियम = केडी × एकूण कॅल्शियम ÷ (एकूण ईजीटीए − एकूण कॅल्शियम). पीएच ७.२ आणि २० ते २५ अंशांना ईजीटीएचा केडी (ज्या मुक्त कॅल्शियमला तो अर्धा भरतो) सुमारे १५० नॅनोमोलर. ५ मिलिमोलर ईजीटीए घेतला तर १०० नॅनोमोलरसाठी २.० मिलिमोलर कॅल्शियम, ३०० साठी ३.३३ आणि १ मायक्रोमोलरसाठी ४.३५. आता चूक कुठे होते ते पाहा. बाटलीवर शुद्धता ९७ टक्के असेल तर खरा ईजीटीए ४.८५ मिलिमोलर. शेवटच्या द्रावणात १ ऐवजी १.३ मायक्रोमोलर मिळेल. पीएच ०.२ ने खाली गेला तर मुक्त कॅल्शियम अडीचपट होते. कॅल्शियम ईजीटीएवर बसताना दोन प्रोटॉन सुटतात, म्हणून कॅल्शियम टाकल्यानंतर पीएच पुन्हा लावणे अटळ आहे, आणि इथे मात्र पोटॅशियम हायड्रॉक्साइडने. १ मायक्रोमोलरच्या पुढे ईजीटीए सोडा. कॅल्शियम धरणारे दुसरे पदार्थ घ्या: १ ते १० साठी एचईडीटीए, त्यापुढे एनटीए. ‘कॅल्शियम टाकलेच नाही’ अशा, ईजीटीएसारखा धारक नसलेल्या द्रावणातही काही मायक्रोमोलर कॅल्शियम असते, त्यावर एसके पूर्ण उघडा असेल.

दोन्ही बाजूंना १४० मिलिमोलर पोटॅशियम ठेवून इनसाइड-आउट पॅच (पेशीपासून तोडलेला पटलाचा तुकडा, आतली बाजू बाहेरच्या द्रावणाकडे) घेतला की प्रवाहाच्या उंचीवरून चॅनल ओळखू येतो. बीके २५० पिकोसीमेन्सने +४० मिलिव्होल्टला १० पिकोअँपिअर देतो, तो नवख्यालाही दिसतो. आयके उणे ८० ला सुमारे २.८, एसके जेमतेम ०.८. बीकेसाठी फिल्टर १ ते २ किलोहर्ट्झ, एसकेसाठी ५०० हर्ट्झ. एसकेच्या वेळी खरा शत्रू गोंगाट. शेजारी यंत्रमाग चालत असतील तर त्यांची थरथर टेबलातून पिपेटच्या टोकापर्यंत येते. उपकरण तळमजल्यावर ठेवा, हवेवर तरंगणारे टेबल घ्या, अर्थिंगचा खड्डा स्वतंत्र करा. ५० हर्ट्झची गुणगुण गेली नाही तर वायरी हलवण्याआधी खोलीतले ट्यूबलाइट बंद करून पाहा.

नोंदवहीत प्रत्येक दिवशी पाण्याचा स्रोत, बाथमधले प्रत्यक्ष तापमान, कॅल्शियम टाकल्यानंतरचा पीएच, ईजीटीएचा बॅच क्रमांक आणि शुद्धता, आणि प्रत्येक विषाची वितळवल्याची तारीख लिहा. तीन महिन्यांनी आलेख जुळेनासे झाले की कारण याच पाच रकान्यांपैकी एकात सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त.